दहा आणे पूर, सोळा आणे जेवण

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका, तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती कुणा म्हाताऱ्याच्या तोंडूनच ऐकली होती. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे बसावं, आणि ज्यांना घरी काम आहे त्यांनी आत्ताच उठून जावं. गोष्टीतून मध्येच उठलेलं मला खपत नाही.

तर एक नदी होती आणि नदीच्या काठाला एक गाव होतं. पावसाळ्यात ही नदी दोन्ही काठ भरून वाहायची. उन्हाळ्यात मात्र तिची पार रया जायची. मधोमध घोटाभर पाण्याची एक धार आणि दोन्हीकडे पसरलेली वाळू, बस्स. मग उन्हाळा लागला की सगळं गाव त्या वाळूत उतरायचं.

हो, राहायला उतरायचं! वर गावात उकाड्यानं जीव नकोसा व्हायचा, विहिरी तळाला जायच्या. खाली नदीत हातभर वाळू उकरली की गार पाणी लागायचं. लोक तिथेच पाल्याच्या झोपड्या उभारायचे, टरबुजांचे आणि काकड्यांचे वेल लावायचे. बाजार तिथे, कुस्त्या तिथे आणि लग्नंही तिथेच, कारण एवढी सपाट मोकळी जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती. आपण नदीच्या पात्रात राहतोय हे लोक दोन-चार आठवड्यांत विसरूनही जायचे.

नदी मात्र विसरायची नाही. पश्चिमेला लांबवर डोंगर होते. ऐन उन्हाळ्यात कधीतरी तिथे वळवाचा पाऊस कोसळायचा आणि इकडे डोक्यावर लख्ख ऊन असताना पात्रात पाण्याचा लोंढा यायचा. दरवर्षी नाही यायचा, पण यायचा तेव्हा समोर काय आहे ते बघायचा नाही. म्हणून जुन्या लोकांनी नदीकाठच्या टेकडीवर एक मोठा नगारा ठेवला होता आणि आभाळावर नजर ठेवायला एक माणूस नेमला होता. त्या माणसाला सगळे आभाळ्या म्हणायचे. आभाळ्यानं नगारा वाजवला की सगळ्यांनी पात्र सोडायचं आणि टेकडी गाठायची, अशी रीत होती.

पुढे गावात शहाणी माणसं जन्माला आली. शहाणी माणसं आली की नियमाला नियम जोडला जातो. त्यांनी ठरवलं की आभाळ्यानं उगाच नगारा बडवून लोकांची धावपळ करायची नाही. तीनदा नगारा वाजला आणि तिन्ही वेळा पूर आला नाही, तर नगाऱ्याचं कातडं फाडायचं आणि त्या घराला पुन्हा कधी आभाळाचं काम द्यायचं नाही. झालं! त्या दिवसापासून आभाळ्या आभाळापेक्षा गावालाच जास्त भ्यायला लागला.

आपल्या गोष्टीतली हौसा ही अशाच एका आभाळ्याची सून. तिच्या सासऱ्यांचा गावात मोठा मान होता. आयुष्यात एकदाही त्यांचा नगारा खोटा ठरला नाही! कसा ठरेल? थेंब नाकावर पडल्याशिवाय त्यांनी नगाऱ्याला हातच लावला नाही.

हौसा नव्यानं सासरी आली तेव्हाची गोष्ट. ती दुपारी सासऱ्यांची भाकरी घेऊन टेकडीवर गेली होती. लांबच्या डोंगरावर काळंभोर आभाळ साचलेलं तिनं पाहिलं आणि विचारलं, "मामंजी, नगारा वाजवायचा का?"

"थांब पोरी," ते म्हणाले, "खात्री होऊ दे."

खात्री झाली ती पाणी वळणावर दिसलं तेव्हा. नगारा आणि लोंढा एकदमच पोचले. किती झोपड्या गेल्या, किती गुरं गेली, कितीतरी माणसं गेली. कोंडाजी टरबुजवाल्याचा थोरला भाऊ त्यातच गेला. पण नगारा वाजला होता आणि पूरही आला होता, तेव्हा चूक कुणाची म्हणायची? गावानं सासऱ्यांना फेटा बांधला. हौसानं मात्र तो दिवस मनातून कधी पुसला नाही.

सासरे गेले. त्यांना मुलगा एकच, हौसाचा नवरा, माणूस सोन्यासारखा पण नजरेनं अधू. हातात धरलेली टोपलीही त्याला धड दिसायची नाही, तिथे डोंगरावरचं आभाळ काय दिसणार? म्हणून नगारा हौसाकडे आला. बाईमाणूस आभाळ बघणार म्हणून दोन-चार मिशा फुरफुरल्या, पण तिच्या नजरेसारखी नजर गावात नव्हती, हे त्या मिशांनाही माहीत होतं.

हौसानं पहिल्यांदा नगारा वाजवला तेव्हा डोंगरावर ढगांची नुसती झुंबड उडाली होती. लोक पोरंबाळं, गाडगीमडकी घेऊन धापा टाकत टेकडीवर आले. उन्हात उपाशीपोटी दिवसभर बसले. संध्याकाळी वारा सुटला आणि ढग दुसऱ्याच मुलखात निघून गेले. लोक हौसाच्या नावानं बोटं मोडत खाली उतरले.

दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा नगारा वाजवला. या खेपेला पाणी आलं खरं, पण ते वळणापर्यंत येईस्तोवर वाळूनंच पिऊन टाकलं. उरलेल्या पाण्यात कुणाची तरी एक म्हैस आयती धुवून निघाली, एवढाच काय तो पूर. गाव पोट धरधरून हसलं. तेव्हापासून जे येणार येणार म्हणतात आणि येत नाही, त्याला तिथे 'हौसाचा पूर' म्हणायला लागले. जावई दिवाळीला आला नाही, की हौसाचा पूर. शेजाऱ्यानं नेलेली चाळण परत आली नाही, की हौसाचा पूर. हौसा पाणी भरायला निघाली की पोरं मागून तोंडानंच नगारा वाजवायची.

ती वरवर हसायची. घरी येऊन चुलीपुढे बसली की तिला रडू यायचं. आता नगाऱ्याची एकच संधी उरली होती.

मग आला तो उन्हाळा, ज्याच्यासाठी मी ही गोष्ट सांगतोय. पाटलांची मुलगी ठकू हिचं लग्न ठरलं. पाटील म्हणजे गावातली मोठी असामी, मनानं वाईट नाहीत, पण एकदा बोलले की शब्द मागे घेणं त्यांना ठाऊक नाही. नदीच्या पात्रात असा मांडव घातला की बघत राहावं. खांबांना केळीचे खुंट, वर आंब्याची तोरणं, खाली अंथरलेल्या सतरंज्या. लग्न गोरज मुहूर्तावर लागायचं होतं, म्हणजे दिवस मावळताना. सकाळपासून सनई वाजत होती. वऱ्हाडाच्या बैलगाड्या थेट वाळूत येऊन सुटल्या होत्या.

हौसा मात्र टेकडीवर पश्चिमेकडे बघत उभी होती. पश्चिमेचे डोंगर दिसेनासे झाले होते. त्यांच्या जागी निळं-काळं आभाळ उभं होतं, अन् त्यात मधून मधून वीज नुसती लवत होती, आवाज नव्हता. रोजचा वारा आज उलटा फिरला होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. डोक्यावर मात्र ढगाचा ठिपका नाही, ऊन मी म्हणतंय.

ती धावत खाली उतरली आणि पाटलांना गाठलं.

"पाटील, मांडव टेकडीवर हलवा. नदी येईल असं वाटतंय."

पाटलांनी कपाळावरचा घाम पुसला. "वाटतंय? सूनबाई, वाटण्यावर लग्न हलवत नाहीत. येणार का नाही, तेवढं सांग."

आता तुम्हाला एक सांगायला हवं. त्या काळी लोक खात्री आण्यांत सांगायचे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून सोळा आणे म्हणजे अगदी पक्कं. आठ आणे म्हणजे निम्मं निम्मं.

"दहा आणे येईल," हौसा म्हणाली.

"म्हणजे सहा आणे येणार नाही!"

"हो. सहा आणे येणार नाही."

"मला सोळा आणे सांग. मग हलवतो."

"सोळा आणे पाणी दारात आल्यावरच सांगता येतं, पाटील. मामंजींनी त्या पुरात सांगितलं होतं तसं."

हे ऐकून पाटलांच्या कपाळाची शीर उठली. "हे बघ हौसे, तुझा नगारा दोनदा खोटा ठरलाय. आज माझ्या ठकूच्या लग्नात तिसऱ्यांदा खोटा ठरला, तर तुझ्याच हातानं कातडं फाडायला लावीन. नियम माझा नाही, गावाचा आहे. जा आता, आणि जेवायला ये."

हौसा परत फिरली. टेकडीच्या पायथ्याशी गोट्यांमध्ये ती मटकन बसली. ती कसली आभाळाकडे बघतेय! बिचारी स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती. गप्प बसलं तर नगारा वाचतो. पाणी नाही आलं तर कुणाला काही कळणारही नाही. आणि पाणी आलं तर? पाणी आलं की लगेच नगारा वाजवायचा, मामंजींसारखा. चूक कुणी काढणार नाही. झालाच तर फेटाही बांधतील.

तेवढ्यात डोक्यावर कलकलाट झाला. "टिटिव् टिव्! टिटिव् टिव्! कोण बसलंय माझ्या दारात?"

ती टिटवी होती. तिची पिल्लं तिथेच गोट्यांत होती आणि आईचा आवाज ऐकताच अशी दबून बसली होती की दगड कुठला आणि पिल्लू कुठलं ते ओळखू येऊ नये.

"अगं, मी आहे, हौसा," हौसा म्हणाली. "मी काय खाणार आहे तुझ्या पिल्लांना? सकाळपासून तुझं हेच चाललंय. मघाशी शेळीवर ओरडलीस, त्याआधी वाळक्या पानावर ओरडलीस."

"काल ढगाच्या सावलीवरही ओरडले," टिटवी ठसक्यात म्हणाली. "मग?"

"तुला लाज नाही वाटत? सगळे हसतात तुला."

"हसू देत की! हसणाऱ्यांनी कधी माझी पिल्लं मोजलीत? शेळी निघाली, पान निघालं, सावली निघाली. परवा मात्र मुंगूस निघालं. पानाला भिऊन ओरडायचं नाही असं मी ठरवलं असतं, तर त्या मुंगसावर ओरडायला माझा आवाज फुटला असता का?"

हौसा हळूच म्हणाली, "पण तुझी पिल्लं कंटाळत नाहीत? सारखं सारखं दबून बसायचं म्हणजे..."

"अगं वेडे, कंटाळतील कशी? ती दबून बसली की मी प्रत्येक वेळी किडा आणून चोचीत घालते. मुंगूस असो नाहीतर पान असो. दबून बसलं की खाऊ मिळतो, एवढंच त्यांना ठाऊक. तुझ्या गावाला तू उपाशी बसवलंस ना उन्हात?"

हौसा ताडकन उठली. पदर खोचला. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, असं म्हणून तिनं कपाळावर हात मारला आणि ती थेट मांडवामागे गेली. तिथे सावळाराम आचारी चुलींशी झगडत होता. माणूस पोटानं मोठा आणि रागानं त्याहून मोठा. उलट्या वाऱ्यानं उडालेली वाळू त्याच्या आमटीत पडत होती आणि तो नदीला, वाऱ्याला आणि पाटलांच्या सात पिढ्यांना शिव्या मोजत होता.

"सावळारामभाऊ," हौसा म्हणाली, "बुंदी कचकच लागली तर नाव कुणाचं जाणार?"

"माझंच जाणार, वहिनी! आणखी कुणाचं? या वाळूत काय स्वयंपाक होतोय?"

"टेकडीवर वाळू नाही. कातळ आहे आणि झाडाची सावली आहे. माझ्या घरी लाकूडफाटा आहे तो सगळा घेऊन जा. आणि खोटं कशाला बोलू, नदी येईल अशी मला दहा आणे भीती आहे, म्हणूनही सांगतेय."

सावळारामनं आमटीत बोट बुडवून चाखलं, थू थू केलं आणि आपल्या माणसांवर ओरडला, "उचला रे कढया! चला टेकडीवर! लग्न कुठंही लागो, जेवण तिकडं होणार!"

इकडे कढया टेकडी चढायला लागल्या आणि तिकडे हौसानं दोन्ही हातांनी टिपरू धरलं. टिपरू म्हणजे नगारा वाजवायची काठी, बरं का. तिचा नवरा शेजारी टोपली विणत बसला होता. त्यानं नुसतंच विचारलं, "पक्कं दिसतंय का गं?"

"नाही, पक्कं नाही."

"मग वाजव," तो म्हणाला. "पक्कं असतं तर माझ्यासारख्यालाही दिसलं असतं."

हौसानं नगाऱ्यावर टिपरू हाणलं. धडाम! धडाम! सगळं पात्र दणाणलं. सनई थांबली. आणि मग आजवर कुठल्याच आभाळ्यानं केलं नव्हतं ते तिनं केलं. ती कड्यावर उभी राहून सांगायला लागली, "ऐका हो ऐका! दहा आणे पूर आहे, सहा आणे कोरडं आहे! मला जेवढं दिसतंय तेवढं सांगतेय! पण जेवण सोळा आणे टेकडीवर आहे! बुंदी गरम आहे, मठ्ठा गार आहे! वर या!"

खाली एकच हशा उठला. "हौसाचा पूर आला रे!" म्हणून पोरं नाचायला लागली. पण त्या हशातून एक माणूस मुकाट्यानं उठला. तो कोंडाजी टरबुजवाला होता. दोन्ही खांद्यांवर टरबुजांच्या जाळ्या टाकून तो टेकडीकडे निघाला. "दहा आणे पुष्कळ झाले," एवढंच तो म्हणाला. त्याला बघून त्याचे शेजारी उठले. मग वऱ्हाडाला तळणीचा वास आला आणि जेवण खरंच वर चाललंय हे दिसलं. सकाळपासून उपाशी असलेलं वऱ्हाड कुणाची वाट बघतंय होय? गाड्या जुंपल्या. त्यामागून नवरदेव निघाला. ठकू तर हिरव्या चुड्यासकट सगळ्यांच्या पुढे चढली. "वर वारा तरी लागतो," म्हणाली.

शेवटी मांडवात पाटील एकटे उरले. चरफडत, पाय आपटत तेही वर आले.

टेकडीवर पंगत बसली. सावळाराम वाढत होता, पोरं पानाभोवती बागडत होती, कोंडाजी टरबुजं फोडून फोडून वाटत होता. दोन वर्षांपूर्वी उन्हात तळमळलेली माणसं आज सावलीत बसून मठ्ठ्याची वाटी पुन्हा पुढे करत होती. पण नदी येत नव्हती. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. घोटाभर पाण्याची धार खाली तशीच चमकत होती. हौसा पान सोडून पुन्हा पुन्हा वळणाकडे बघून येत होती.

मुहूर्त जवळ आला तसे पाटील तिच्यापुढे उभे राहिले. "पुरे झालं. जेवण छान झालं, नाही म्हणत नाही. पण ठकूचं लग्न मी घातलेल्या मांडवातच लागणार. टिपरू दे."

हौसानं टिपरू त्यांच्या हातात दिलं. तिचे डोळे भरून आले. "नगारा तुमचा, पाटील. उद्या कातडं फाडा. पण आज दिवस मावळेपर्यंत खाली जाऊ नका. पाया पडते."

"ठकू, चल!" पाटील गरजले.

ठकू पानावरून हललीही नाही. "बाबा, मी नाही यायची. जिच्या हातात नगारा आहे तिच्याच पायाला कंप सुटलाय. ती गंमत करत नाहीये."

पाटलांचं तोंड लालबुंद झालं. लेकीला सगळ्यांदेखत काय बोलणार? ते टिपरू काखेत मारून एकटेच टेकडी उतरायला लागले. मांडवातलं देवक आणतो म्हणाले, मग बघू कोण येत नाही ते! बघता बघता ते पात्रात पोचले आणि भल्यामोठ्या रिकाम्या मांडवात एकटे उभे राहिले.

त्याच वेळी पायथ्याची टिटवी आकाशात उसळली आणि जीव तोडून ओरडायला लागली. हौसानं झटकन पश्चिमेला पाहिलं. नदीच्या वरच्या वळणावर धूळ उठली होती. धुळीमागे काहीतरी तांबूस, उंच, सरकत येत होतं आणि त्यात आख्खी झाडं गटांगळ्या खात होती.

तिनं टिपऱ्यासाठी हात लांबवला. टिपरू कुठलं? ते पाटलांच्या काखेत! हौसानं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही. सावळारामच्या हातातला बुंदीचा झारा हिसकावला आणि सगळं बळ एकवटून नगाऱ्यावर हाणला. धडाम! धडाम! धडाम! बुंदीचे कण चहूकडे उडाले. "सोळा आणे!" ती किंचाळली. "पाटील, आता सोळा आणे!"

पाटलांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. पण टेकडीवर सगळं गाव उभं राहून हात हलवत होतं, आणि त्यांची ठकू सगळ्यांत पुढे होती. पाटलांनी हातातलं देवक छातीशी धरलं आणि ते धावत सुटले. काय धावले! तरुणपणी कुस्तीच्या फडातसुद्धा इतके धावले नसतील. वाळूत पाय रुतत होते, फेटा सुटून मागे लोंबत होता, मागून गडगडाट वाढत होता. कोंडाजी आणि आणखी चौघं निम्मी टेकडी उतरून आले आणि त्यांनी पाटलांच्या दंडाला धरून वर ओढलं. त्याच क्षणी लोंढा पायथ्यावर आदळला. सुटलेला फेटा तेवढा त्याला सापडला.

मांडव उचलला गेला. केळीच्या खुंटांसकट, तोरणांसकट तो क्षणभर पाण्यावर उभाच्या उभा तरंगला आणि मग मोडून वाहून गेला. झोपड्या गेल्या, वेल गेले, बाजाराचे कट्टे गेले. जिथे सकाळी सनई वाजत होती, तिथे दोन पुरुष खोल पाणी उसळत होतं. लोक एकमेकांना धरून मोजायला लागले. आया पोरांना मोजत होत्या, गाडीवान बैलांना मोजत होते. कुणी राहिलं का? कुणी नाही! एकही माणूस, एकही वासरू खाली राहिलं नव्हतं. टिटवीची पिल्लंसुद्धा तिच्यामागून उतारावर चढून आली होती. मग जो जल्लोष उठला म्हणता! नदीचा आवाज त्यात बुडाला. टरबुजांच्या साली हवेत उडाल्या, म्हाताऱ्या बायकांनी फेर धरला, आणि सावळाराम आचारी चक्क रडत रडत नाचला.

"काय काय दिसतंय, सांग ना," हौसाचा नवरा तिचा हात धरून विचारत होता.

"सगळे दिसतायत," हौसा म्हणाली. "सगळेच्या सगळे."

पाटील बोडक्या डोक्यानं पुढे आले. त्यांनी दोन्ही हातांनी टिपरू हौसापुढे धरलं. "सूनबाई, तू बरोबर होतीस."

"नाही पाटील," हौसा म्हणाली. "मला सहा आणे शंका होती, ती खरीच होती. आज पाणी नसतं आलं, तरी माझं वाजवणं बरोबरच होतं. आणि पुढंही माझा नगारा कधी खोटा ठरेल. तेव्हा कातडं फाडणार असाल, तर हे टिपरू मला नको."

पाटलांनी गावाकडे पाहिलं. गावानं पाटलांकडे पाहिलं. मग पाटील, जे शब्द कधी मागे घेत नसत, मोठ्यानं म्हणाले, "तीनदाचा नियम आजपासून वाहून गेला! त्या मांडवाबरोबरच गेला! इथून पुढे नगारा वाजला की सगळ्यांनी वर यायचं आणि एका पंगतीत जेवायचं. पाणी आलं तरी जेवायचं, नाही आलं तरी जेवायचं. धान्य गाव देईल, आणि पहिलं पोतं माझ्या घरचं."

दिवस टेकला होता. आभाळ केशरी झालं होतं. टेकडीवरच अंतरपाट धरला आणि ठकूचं लग्न लागलं. अक्षता पडल्या तेव्हा सनईवाल्यांची वाद्यं तर वाहून गेली होती, म्हणून हौसानं नगारा वाजवला. असं वाजत गाजत लग्न त्या मुलखात आधी कुणाचं झालं नव्हतं.

आता तुम्ही उठायला लागलात, पण बसा. हौसाची खरी जीत अजून पुढेच आहे.

पुढल्या उन्हाळ्यात तिनं पुन्हा नगारा वाजवला. "आठ आणे पूर, आठ आणे कोरडं!" सगळं गाव हातातलं काम टाकून वर आलं. पिठलं-भाकरी झाली, टरबुजं फुटली, पोरांनी झाडाला झोके बांधले. संध्याकाळ झाली, आणि नदीला थेंबभरही पाणी आलं नाही. हौसानं भीत भीत लोकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, कुणी बोटं मोडली नाहीत. कोंडाजीनं हात धुतले, ढेकर दिली आणि म्हणाला, "चला, नदी आली नाही. बरं झालं." आणि सगळे गप्पा मारत खाली उतरले.

त्या गावात 'हौसाचा पूर' हा शब्द आजही आहे म्हणतात. पण आता त्याचा अर्थ बदललाय. न मागता गोड जेवण मिळालं आणि वर जीवही वाचला, की त्याला तिथे हौसाचा पूर म्हणतात. आणि हौसानंतर जे जे आभाळ बघायला बसले, त्यांना गावानं एकच विचारलं. तुझा नगारा किती वेळा खोटा ठरला, हे नाही. भीती दिसली तेव्हा तू गप्प तर बसला नाहीस ना, एवढंच.

तर लहानथोर मंडळी, बोध एवढाच: खोटं ठरण्याच्या भीतीनं इशारा गिळू नये, आणि खोटा ठरलेला इशारा देणाऱ्याला हसू नये.